उजवीकडची बाई

उजनीचं पाणी ओसरायला लागलं की इंदापूरकडच्या काठावर काळा गाळ उघडा पडतो, आणि त्या गाळात लांब पायांचे रोहित पक्षी येऊन उभे राहतात. त्याच दिवसांत कारखाने भरात असतात. बारामती सोडून कुठल्याही बाजूला जा, वाऱ्यावर उकळत्या रसाचा आणि मळीचा वास असतो. ट्रॉल्यांतून गळालेले ऊस चाकांखाली चिरडून रस्त्यावर पांढरे पडलेले असतात. पाहुण्यांना हा वास गोड वाटतो. मला मात्र तो सोसवत नाही. यंदाही सोसवला नाही.

त्याचं कारण आता लिहून टाकतो. कळस गावात धनाजीच्या घरी, त्याच्या आईचा म्हणून जो फोटो इतकी वर्षं समोरच्या भिंतीवर होता, तो त्याच्या आईचा नव्हता. तो मी केला होता. चूक कशी झाली हे फोटो काढणाऱ्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येईल. चूक कळल्यावर मी तोंड का उघडलं नाही, हे सांगायला मात्र त्या हंगामात परत जावं लागतं, आणि तिथं जायला मला अजून भीती वाटते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. रस किती शुद्ध, साखरेचा उतारा किती, हे नळीतून बघून सांगायचं काम. तिथं माझ्या हातून दशांश चिन्हही इकडचं तिकडं होत नसे. घरी आलो की मात्र एक लेन्स ठरवता येत नव्हती.

ज्यांना हा नाद नाही त्यांना ती धास्ती कळायची नाही. माझ्याकडे एक जुना कॅमेरा होता, सगळं हातानं लावायचा, सेल नसला तरी चालणारा. त्यावर मी समाधानी होतो, पण मासिकात जाहिरात येईपर्यंतच. मग वाटायचं, रोहित उडताना टिपायचे तर लांब पल्ल्याची लेन्स हवी. लेन्स घेतली तर तिपाई जड हवी. तिपाई घेतली तर ती वाहायची कशी? एवढं करून काढलेल्या, छोट्या चौकटीत बसवलेल्या फिल्मच्या स्लाइड बघणार कोण? त्या डब्यातच राहणार. म्हणजे आधी स्कॅनर हवा, संगणकावर तरी बघता येतील. पण स्कॅनर आज घेतला आणि पुढच्या वर्षी त्याहून चांगला आला तर? पुण्याच्या दुकानदाराला मी एसटीडी बूथवरून फोन करायचो आणि काचेबाहेर चढणारे आकडे बघत तेच ते विचारायचो. तो माझा आवाज ओळखायला लागला होता आणि त्याचीही मला लाज वाटायची.

माहितीपत्रकं मी गादीखाली ठेवायचो. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून प्रयोगशाळेतले ओल शोषणारे निळे खडे एका स्टीलच्या डब्यात घातले होते, आणि ते गुलाबी झाले की नाही हे दिवसातून दोनदा झाकण उघडून बघायचो. उघडल्यानं ओल आत जाते हे मलाही कळत होतं.

"आपल्या वैशूला स्थळं बघितली तेव्हा तुम्ही एवढे कागद पालथे घातले नव्हते," आमची मंडळी म्हणायची.

"स्थळ एकच होतं."

"म्हणून तर झालं. इथंही एकच दुकान असतं तर बरं झालं असतं."

अशा दिवसांत धनाजी आला. तो उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, वजनकाट्यासमोर रांगेत तासन्‌तास थांबायचा, आणि पाणी प्यायला आमच्या प्रयोगशाळेच्या दारात यायचा. नुकतं लग्न झालेलं. गावात सिमेंटचं नवं घर बांधलेलं. शर्टाच्या खिशातून त्यानं एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं. आत एकच निगेटिव्ह होती, जुन्या पेटी कॅमेऱ्याची, चौकोनी, तळहातावर मावेल एवढी.

"तात्या, ह्यात माजी आई हाय," तो म्हणाला. "हौसाबाई. मी दोन वर्साचा हुतो तवाच गेली. छापल्याला फोटू जुन्या घरात मला कळाय लागायच्या आदीच वाळवीनं खाल्ला. एवढंच ऱ्हायलंय. नव्या घरात लावायचाय."

बारामतीतल्या स्टुडिओवाल्यानं त्याला परत पाठवलं होतं. निगेटिव्हवर ओरखडे होते, डाग होते. मी ती खिडकीसमोर धरली. शेताच्या बांधावर दोन बायका उभ्या, डोक्यावरून पदर, दोघींची लुगडी एकाच ठाणातली. निगेटिव्हमध्ये चेहरे काळे आणि केस पांढरे, त्यामुळे ओळख अशी काही लागत नाही.

"दुसरी कोण?"

"चुलती. आमची नानी. तिनंच वाढीवलं मला."

"यातली आई कुठली?"

"उजवीकडची. नानीनंच सांगितलंय."

"बघणाऱ्याच्या उजवीकडची, की त्यांच्या?" मी विचारलं. मी असा माणूस होतो. एवढं विचारलं होतं.

"फोटू समूर धरला की आपल्या उजव्या हाताला," त्यानं हात करून दाखवलं. मग म्हणाला, "हुईल न्हवं? मी तिला बगितल्यालंच न्हाय. म्हंजी बगितली आसंल, पर ध्येनात न्हाय."

मी होईल म्हणालो. त्याच क्षणी माझ्या मनात काय आलं, ते लिहायला हवं. मला त्या माणसाची दया आली, हे खरंच आहे. पण त्याआधी, अगदी त्याआधी, मला आनंद झाला. स्कॅनर घ्यायला कारण मिळालं होतं.

घरी मी सांगितलं, "एका गरजू माणसाचं काम अडलंय." मंडळीनं नुसतं गादीकडे बघितलं.

पुण्याच्या दुकानात दोन यंत्रं होती. एक मोठं, झाकणात दिवा असलेलं, त्यात कुठल्याही आकाराची निगेटिव्ह बसली असती. दुसरं लहान, विटेएवढं, फक्त पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचं, पण बारकावे असे टिपणारं की पिसाची शीरन्‌शीर दिसावी. दुकानदार म्हणाला, "तुम्हाला पक्षीच करायचेत ना? मग हे छोटं घ्या. मोठ्या निगेटिव्ह आता वापरतं कोण?" धनाजीचं पाकीट माझ्या खिशात होतं. मी छोटं घेतलं. परतीच्या एसटीत ते मांडीवर घेऊन बसलो. भिगवणपर्यंत मला घाम येत होता, थंडीचे दिवस असून.

मोठी निगेटिव्ह त्यात जाणार नव्हती. मी धनाजीला म्हणालो, मधला भाग मापात कापून स्लाइडच्या चौकटीत बसवावा लागेल. "कापा की," तो म्हणाला, "बाकी नुस्तं रानच हाय." त्यानं विश्वासानं सांगितलं. मी कापलं. निगेटिव्हच्या कडेला कंपनीची बारीक अक्षरं असतात. ती सरळ वाचता आली की समजायचं, बाजू बरोबर आहे. मी ती कड कापून टाकली.

फिल्मला दोन बाजू असतात, एक चकचकीत, एक मंद. उलटी घातली तर चित्र येतं, तितकंच स्वच्छ येतं, फक्त आरशातल्यासारखं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या स्लाइड मी कधी उलट्या घातल्या नाहीत. त्या संध्याकाळी माझं लक्ष बाजूकडे नव्हतंच. संगणक मधेच अडकत होता, वीज दोनदा गेली, यंत्रातून घुर्रघुर्र आवाज येत होता आणि मला वाटत होतं की काहीतरी चुकीचं घेतलंय, बदलून मिळेल का. मग पडद्यावर ओळीओळीनं चित्र उतरायला लागलं. आधी आभाळ, मग दोन पदर, मग चार डोळे. इतके स्पष्ट की मी खुर्चीतून उठलो. यंत्र बरोबर निघालं होतं. त्या आनंदात मी उजवीकडची बाई निवडली.

पुढचे आठ-दहा दिवस मी तिचा चेहरा साफ करत होतो. ओरखडे भरले. जिथं फिल्म झिजली होती तिथले काळे ठिपके पुसले. हनुवटीवर तीन होते, तेही पुसले. पुण्याहून मोठा छापून आणला, चौकट केली. धनाजी घ्यायला आला तेव्हा त्यानं हात आधी पँटला पुसले. फोटो दोन्ही हातांनी उचलून त्यानं कपाळाला लावला. मला वाटलं, मी आयुष्यात एक तरी काम चांगलं केलं.

आता लिहिताना मधेच उठून दाराशी जाऊन आलो. या वयात एका जागी फार वेळ बसवत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

फोटो लागल्यावर आठवड्याभरात मी रोहित बघायला काठावर चाललो होतो. वाटेत कळसला थांबलो. कौतुक ऐकायची हाव, दुसरं काही नाही. धनाजी ट्रॅक्टर घेऊन गेलेला, बायको माहेरी. नानी एकटी तांदूळ निवडत बसली होती. तिला मी पहिल्यांदाच बघत होतो. वाळलेली, उंच, पुढचे दात पडलेली बाई.

"बसा तात्या. च्या टाकती."

भिंतीवर फोटो होता. ताज्या झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं बोट.

"चांगला आलाय ना?" मी विचारलं.

"झ्याक आलाय. पर माजं गोंदाण कुठं गेलं?"

मला कळेना. तिनं पदर मागं सारून हनुवटी पुढं केली. तीन हिरवे ठिपके होते.

"ल्हानपणी मेंढरामागं हिंडत हुतो तवा काढल्यालं. पुसलं व्हय तुमी?"

"नानी, हा फोटो हौसाबाईंचा आहे."

"हौसाचं नाक बसकं हुतं. ही मी हाय. आपलं त्वांड आपल्याला कळत न्हाय व्हय? दात पडलं, गाल बसलं, म्हणून पोराला वळकू आलं न्हाय." आणि ती चक्क हसली. "मेल्यावर सगळ्यांच्याच गळ्यात हार पडतुया. मला जरा आदी घावला."

जिवंत बाईच्या फोटोला हार, कुंकू, उदबत्ती. मी उठलो, खिळ्याकडे हात नेला.

"हात लावू नगा," ती म्हणाली. हसू गेलं होतं. "बसा खाली."

मी बसलो. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"त्यो रोज आंगूळ करून हितं हुबा ऱ्हातुया. डोळं मिटतुया आन् आई म्हणतुया. मी चुलीपाशी आसती, मला ऐकू येतंय. दोन वर्साचा आला माज्या वटीत. मी त्याला आई म्हणाय शिकीवलं न्हाय. दुसरीचं पोर, तिचं नाव तिला ऱ्हाऊ दे म्हणलं. लोक म्हणायचं, काय बाई हाय, पोराला नानी म्हणाय लावती. आता म्हणतुया तर म्हणू द्या की."

"पण हौसाबाई? तिचा चेहरा त्याला कधीच..."

नानीनं मान वर करून फोटोकडे बघितलं. "हौसाचं मी बघीन," ती म्हणाली. "वर गेल्यावर पाया पडीन तिच्या. मी हाय तवर ऱ्हाऊ द्या. मी गेल्यावर सांगा तुमी काय त्ये."

त्या दिवशी मी रोहित बघितले नाहीत. घरी येऊन स्लाइडची चौकट उघडली. मंद बाजू वर होती, चकचकीत खाली, म्हणजे उलटी. उलटून घातली, यंत्र घुरघुरलं, आणि पडद्यावर उजवीकडे दुसरी बाई आली. वीस-बावीसची, बसक्या नाकाची. हौसाबाईचा चेहरा या जगात फक्त माझ्या घरी होता.

नानीनं गप्प बसायला सांगितलं म्हणून मी गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. तिनं तसं सांगितलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. एवढ्या महागाच्या यंत्रानं, एवढ्या शिकलेल्या माणसानं फिल्म उलटी घातली, हे मला कुणाला सांगायचं नव्हतं. तिच्या मायेच्या आड मी माझी लाज ठेवून दिली.

मग वर्षं गेली. इंदापूरच्या बाजारात धनाजी भेटला की आधी माझी नजर खाली जायची. "तात्या, घरला या की," तो म्हणायचा, आणि मी कामाची नावं सांगायचो. निगेटिव्हचा तो तुकडा माझ्याकडेच राहिला होता, निळ्या खड्यांच्या डब्यात. दर पावसाळ्यात मला भीती वाटायची की बुरशी लागेल आणि हौसाबाई दुसऱ्यांदा जाईल. डिजिटल कॅमेरे आले. स्कॅनर ज्याला जोडायचा तसे संगणक राहिले नाहीत. लांब पल्ल्याची लेन्स मी अखेर घेतली, आणि तोवर हात थरथरायला लागले होते. रोहित मात्र दरवर्षी येत राहिले. काठावर उभा राहून मी त्यांच्याकडे बघायचो आणि माझ्या डोक्यात हिशेब चालायचा, नानी आधी की मी आधी. असला विचार मनात यावा याची किळस यायची, तरी यायचा.

यंदा माघात नानी गेली. तेराव्याला गेलो. घर आता दुमजली आहे. समोरच्या भिंतीवर दोन फोटो होते. एक मी केलेला. त्याच्या शेजारी नवा, मोबाइलवर काढून मोठा केलेला, पांढऱ्या केसांची नानी. दोघींना सारखे हार. माझ्या शेजारी जेवायला बसलेला एक म्हातारा म्हणाला, "जावा हुत्या, पर सख्ख्या भनीवानी दिसत्यात." धनाजी वाढत होता. तो म्हणाला, "दोगी माज्याच की." मी हातातला घास पानात परत ठेवला.

घरी येऊन मी तो तुकडा खिडकीच्या काचेवर चिकटवला, साध्या डिजिटल कॅमेऱ्यानं जवळून टिपला आणि रंग उलटे केले. अर्ध्या तासात झालं. त्याला कुठलंच खास यंत्र लागलं नाही. बारामतीतच छापून काचेच्या चौकटीत बसवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी कळसला गेलो.

धनाजी ओट्यावर होता. मी उभ्यानंच सांगितलं, बसलो असतो तर जमलं नसतं. बाजू, कापलेली कड, पुसलेलं गोंदण, सगळं. त्यानं मधे एकदाही अडवलं नाही. मग आत जाऊन भिंतीवरच्या दोन्ही फोटोंकडे बघत राहिला. मी मागोमाग गेलो.

"कवा कळलं तुमाला?"

"त्याच हंगामात."

"आन् नानीला ठावं हुतं?"

"पहिल्या दिवसापासून. रोज तुझं ऐकायची ती, चुलीपाशी बसून."

त्याचा चेहरा एकदा मऊ झाला. मग नाही राहिला. "नानीचं मला उमगतंय," तो म्हणाला. "तुमी माज्या आईला डब्यात ठिवली, तात्या. एवढी वर्सं."

मी बरोबर आणलेला फोटो पुढं केला.

त्यानं माझ्या हातातून फोटो घेतला आणि भिंतीला पाठ करून दाराकडे तोंड केलं, उजेड पडावा म्हणून. मला बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. काचेवर काही नव्हतं तरी बाहीनं पुसली.

"लई ल्हान हाय की वो ही," तो म्हणाला. "माजी थोरली लेक हिच्यापरास मोठी दिसती." जरा वेळानं म्हणाला, "हासतीया व्हय?"

"हो."

"कशापायी?"

हे मला माहीत होतं. त्या दुपारी चहा पिता पिता नानीनं सांगितलं होतं. फोटोवाला खाली वाकून कॅमेऱ्यात बघत होता, हलू नका म्हणून दम देत होता. त्याच्या मागून कळपातला एक मेंढा हळूच आला आणि त्याच्या धोतराचा सोगा खायला लागला. नानीनं घाबरून नजर कॅमेऱ्याच्या भिंगावरच रोखली होती, तिला तेव्हा दिसलं नाही. हौसाबाईला दिसलं.

धनाजीनं पहिल्यांदा मान वर केली. "मेंढा?"

"मेंढा."

"आमचाच?"

"ते नाही मला माहीत."

"आन् फुडं? फुडं काय झालं? आई काय म्हणली?"

तो थांबला होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, माझ्या तोंडाकडे बघत. मी इतकी वर्षं निगेटिव्हला बुरशी लागते का तेवढंच बघत राहिलो होतो. पुढचं मी कधी विचारलं नव्हतं. ते सांगणारी बाई त्याच्या पाठीमागं भिंतीवर होती, तरुणपणी एकदा आणि म्हातारपणी एकदा.